२४ वर्षांचा कूलिंग टॉवर: पाडायचा की दुरुस्त करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यात तीन सेलचा (स्वतंत्र फॅन असलेल्या तीन कप्प्यांचा) आरसीसी, म्हणजे सळयांच्या काँक्रीटचा, कूलिंग टॉवर आहे: कारखान्यातलं गरम पाणी वरून पाडून हवेने थंड करणारा. वय २४ वर्षं. डिझाइन तासाला ३,००० घनमीटर पाण्याचं, ४२ अंशांवरून ३२ वर, वेट बल्ब २८ (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान; टॉवरमधलं पाणी त्याच्या खाली जाऊ शकत नाही). गेली दोन वर्षं पावसाच्या तोंडावर पाणी ३५ च्या खाली येत नाही. फॅन डेकच्या (फॅन बसवलेल्या वरच्या छताच्या) खालचं काँक्रीट फुटून सळया दिसतायत. एक पुरवठादार म्हणतो, हा पाडा आणि नवा एफआरपीचा (काचतंतूंच्या प्लास्टिकचा) घ्या. दुसरा म्हणतो, नुसतं फिल (पाणी पसरवणारं आतलं भरण) बदला, सगळं ठीक होईल. आणि तुम्हाला पंधरा दिवसांत साहेबांपुढे कागद ठेवायचाय.

मी २६ वर्षं टॉवरच्याच कामात आहे. आधी टॉवर बांधणाऱ्या कंपनीत होतो, आता तपासणी आणि दुरुस्तीची देखरेख करतो. म्हणजे मला नवा टॉवर विकायचा नाही, पण दुरुस्तीत माझी मिळकत आहे, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

या दोघांच्या प्रस्तावांचा जो तपशील तुम्ही दिलाय त्यात मला एकही मोजमाप दिसलं नाही. पाणी किती फिरतंय, हवा किती खेचली जातेय, काँक्रीट किती खोल खराब झालंय, यातलं काहीच नाही. त्यामुळे कोण खरं बोलतंय ते त्यांच्या कागदांवरून ठरणार नाही. शिवाय तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. टॉवर उभा राहील का, हा एक. पाणी थंड करील का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सांगाड्यात आहे. दुसऱ्याचं फिल, नोझल, फॅन आणि तुमच्या पंपात आहे. सळया उघड्या पडल्या म्हणून पाणी गरम येत नाही, आणि नवं फिल भरलं म्हणून बीम मजबूत होत नाही. ही गुंतागुंत सोडवली की निम्मा निर्णय तिथेच होतो.

आधी ३५ अंशांचा हिशोब मांडू.

टॉवरला उन्हाचा फारसा फरक पडत नाही, वेट बल्बचा पडतो. नागपूरला मे महिन्यात पारा ४४ वर असतो, पण हवा कोरडी. आर्द्रता १५ टक्के धरली तर वेट बल्ब २३ च्या आसपास. तुमच्याकडे जूनच्या सुरुवातीला ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर वेट बल्ब २९ वर जातो. म्हणूनच तुमची तक्रार एप्रिलात नाही, पावसाच्या तोंडावर आहे. डिझाइन २८ वर केलंय. वेट बल्ब एक अंश चढला की थंड पाणी साधारण पाऊण अंशाच्या आतबाहेर चढतं. तेवढं नव्या टॉवरचंही चढेल.

आता तुम्ही ओघात लिहिलेली एक गोष्ट: मधल्या विस्तारात एक पंप वाढवला आणि आता तासाला साधारण ३,६०० घनमीटर पाणी फिरतं. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ ही. ३,००० घनमीटर पाणी १० अंश थंड करणं म्हणजे तासाला ३ कोटी किलोकॅलरी हवेत टाकणं. ३,६०० घनमीटर तेवढंच थंड करायचं तर ३ कोटी ६० लाख. म्हणजे टॉवरवर पाचव्या हिश्शाने जास्त बोजा. त्याच आकाराच्या कोऱ्या करकरीत टॉवरवर हा बोजा टाकलात, तरी थंड पाणी आणि वेट बल्ब यांतलं अंतर चारावरून पाचाच्या आसपास जाईल. नेमका आकडा टॉवरच्या परफॉर्मन्स कर्व्हवरून (कामगिरीच्या आलेखावरून) काढायचा असतो. ते कर्व्ह तुमच्या मूळ ड्रॉइंगच्या फायलीत असणार, शोधून काढा.

म्हणजे जास्तीच्या तीन अंशांतला पाऊण अंश हवेचा आणि साधारण एक अंश वाढीव बोजाचा. टॉवरच्या दुखण्याचा वाटा सव्वा अंश, फार तर दीड. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज एवढाच. "आहे तसाच नवा टॉवर" घेतलात, तर एवढे पैसे घालूनही पुढच्या जूनमध्ये पाणी ३३.७ च्या घरात राहील आणि साहेब विचारतील, मग बदलला कशाला? हा प्रसंग मी दोन ठिकाणी डोळ्यांनी पाहिलाय.

पंधरा दिवसांत करण्यासारखं पहिलं काम म्हणजे मोजणी. अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर भाड्याने मिळतो, तो प्रत्येक रायझरवर (सेलला पाणी वर नेणाऱ्या पाइपवर) लावा. तिन्ही सेलना सारखं पाणी जातंय का, हे कळायला दुसरा रस्ता नाही. व्हॉल्व्हच्या चाकाचे आटे मोजून ते कळत नाही. गरम पाण्याचं तापमान हेडरवर (मुख्य पाइपवर) मोजा, थंडचं पंपाच्या सक्शनला, म्हणजे पंप पाणी ओढतो तिथे. दोन्ही थर्मामीटर आधी एकाच बादलीत बुडवून जुळवून घ्या, कारण इथे अर्ध्या अंशावर भांडण होणार आहे. वेट बल्ब हवा आत शिरते तिथे, जाळीच्या बाहेर, चारही बाजूंनी घ्या. आणि एक वाचन टॉवरपासून लांब, मोकळ्या जागी. जाळीजवळचा आकडा लांबच्या आकड्यापेक्षा एक अंशाने जास्त आला, तर टॉवर स्वतःचीच दमट हवा परत ओढतोय. अशा वेळी आजूबाजूला बघा, गेल्या काही वर्षांत शेजारी गोदाम किंवा शेड उभी राहिलीय का. ती भिंत तशीच राहणार असेल, तर जुना आणि नवा दोन्ही टॉवर तिच्यापुढे सारखेच. मोजणीच्या वेळी वारा सेकंदाला साडेचार मीटरच्या आत हवा. अमेरिकेतल्या कूलिंग टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटच्या चाचणी संहितेत तीच मर्यादा आहे. कोकणात पहाटेची वेळ बरी पडते.

मोजणीबरोबर टॉवर नुसता बघायलाही शिका. अंधार पडल्यावर चांगली बॅटरी घेऊन हवेच्या तोंडाशी उभे राहा आणि फिलखालून पडणाऱ्या पावसाकडे आडवा प्रकाश टाका. निरोगी सेलमध्ये पडदा सारखा दिसतो. आजारी सेलमध्ये कुठे धबधबा, कुठे कोरडा पट्टा. धबधबा असेल तिथे वर नोझल गळून पडलेलं असतं. कोरडा पट्टा असेल तिथे एकतर नोझल तुंबलंय नाहीतर फिलमध्ये गाळ बसलाय. कोरड्या पट्ट्यातून हवा फुकट निघून जाते, कारण हवा नेहमी सोपी वाट धरते. हा पाऊस बघायला अर्धा तास लागतो. आणि मी पाहिलेल्या गरम पाण्याच्या तक्रारींतला मोठा भाग तिथेच उलगडलाय.

फॅनचंही तसंच. एका कारखान्यात टॉवर बदलायची निविदा निघायच्या बेतात होती. मी सहज प्रत्येक सेलच्या तोंडाशी रुमाल धरून बघत गेलो. दोन ठिकाणी रुमाल आत ओढला गेला, तिसऱ्या ठिकाणी बाहेर फडफडला. मोटर रिवाइंड होऊन आली तेव्हा फेज उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या आणि फॅन सहा महिने उलटा फिरत होता. तो सुलटा केल्यावर निविदा थांबली. तुमच्याकडे असंच असेल असं नाही, पण रुमाल धरायला काही खर्च नाही.

फॅनच्या पात्याचं टोक आणि स्टॅकची (फॅनभोवतीच्या गोल नळकांड्याची) भिंत यांतली फटही मोजा. माझ्या हिशोबाने ती व्यासाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत हवी. पावणेसात मीटरच्या फॅनला साधारण ३३ मिलिमीटर. २४ वर्षांचा स्टॅक बहुतेक वेळा गोल राहिलेला नसतो, म्हणून आठ ठिकाणी मोजा. एका बाजूला १५ मिलिमीटर आणि समोर ८० भरले, तर खेचलेली हवा त्या मोठ्या फटीतून परत खाली येतेय. मोजण्याआधी मोटर लॉक करून टॅग लावाच, शिवाय पातं दोराने बांधा. शेजारचा सेल चालू असला की बंद फॅनही त्याच्या ओढीने हळूहळू उलटा फिरायला लागतो. मोटर बंद आहे म्हणून निर्धास्त झालेल्या फिटरचं मनगट मोडलेलं मी पाहिलंय.

आता सांगाडा. तुमचा खरा निर्णय इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आरसीसी टॉवर सगळीकडून सारखा खराब होत नाही. बेसिनमधलं (खालच्या टाकीतलं), कायम पाण्याखालचं काँक्रीट बऱ्याचदा चांगलं निघतं, कारण सळईला गंजायला पाण्याबरोबर प्राणवायूही लागतो आणि पाण्याखाली तो जेमतेम पोचतो. सगळ्यात वाईट अवस्था असते ती कधी ओलं, कधी कोरडं होणाऱ्या जागांची: हवेच्या तोंडाशी असलेले कॉलम, ड्रिफ्ट एलिमिनेटरच्या (हवेबरोबर उडणारे थेंब अडवणाऱ्या पट्ट्यांच्या) वरची पोकळी आणि फॅन डेकची खालची बाजू. तुमच्या सळया नेमक्या तिथेच दिसतायत, म्हणजे तुमचा टॉवर नेहमीच्याच वाटेने चाललाय. ही बातमी वाईट आहे, पण अनपेक्षित नाही, आणि डेक हा टॉवरचा बदलता येण्यासारखा भाग आहे. कॉलमचं तसं नाही.

तर कॉलम तपासा. पहिलं हत्यार साधा हातोडा. अर्ध्या किलोचा हातोडा घेऊन कॉलम खालून वर ठोकत जा. धड काँक्रीट टणटण वाजतं. आतून सुटलेलं काँक्रीट रिकाम्या मडक्यासारखं बोलतं. जिथे पोकळ वाजेल तिथे खडूने चौकोन काढा. दिवसभरात कॉलमवरच्या खडूच्या खुणाच तुम्हाला नकाशा काढून देतात. मग खराब भागात एक आणि चांगल्या भागात एक अशी काँक्रीटची ताजी कपची काढून तिथे फिनॉल्फ्थॅलिन फवारा. लगेच गडद गुलाबी झालं तर काँक्रीटमधला चुना अजून जिवंत आहे आणि सळई सुरक्षित आहे. रंग आला नाही तर तेवढ्या खोलीपर्यंत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुना खाल्लाय. रंग सळईच्या अलीकडेच सुरू झाला, तर तुमच्याकडे वेळ आहे. सळईच्या मागेही रंग नसेल, तर गंज सुरू झालाय किंवा होणार आहे.

क्लोराइड मात्र या फवाऱ्याला दिसत नाही. त्यासाठी ड्रिलने काढलेली काँक्रीटची भुकटी प्रयोगशाळेत द्या, वेगवेगळ्या खोलीवरची. रासायनिक कारखान्यात हे वगळू नका, कारण टॉवरचं पाणी आटवत आटवत फिरवलं जातं आणि क्लोराइडही त्याच पटीने वाढत जातं. जोडीला हाफ सेल चाचणी (सळईचा विद्युतदाब मोजणारी) करून घ्या. कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडने उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली वाचन आलं, तर आतली सळई गंजतेय असं बिनधास्त धरा. अल्ट्रासॉनिक पल्स आणि रिबाउंड हॅमर या काँक्रीट न फोडता करायच्या चाचण्या करणारे लोक रत्नागिरी-कोल्हापूर पट्ट्यात सहज मिळतात. पण नुसते आकडे भरलेला अहवाल घेऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरने प्रत्येक कॉलमवर 'ठेवा', 'जॅकेट करा' (भोवती नवं काँक्रीट चढवा) किंवा 'काढा' यातलं एक लिहून सही करायला हवी.

कोकणाची एक खास गोष्ट. तुमच्याकडचं पाणी मवाळ असतं, क्षार कमी. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्याने फिलवर थर बसतो. तुमचं पाणी उलट काँक्रीटमधला चुना विरघळवून नेतं. त्यात कधी आम्लाचा डोस जास्त पडून पीएच खाली गेला असेल, तर कॉलमचा वरचा गिलावा धुऊन जाऊन खडी बोटाला लागते. अशी खडी लागत असेल तर दुरुस्तीआधी डोसिंग पंप दुरुस्त करा, नाहीतर नवं काँक्रीटही त्याच वाटेने जाईल.

दुरुस्ती कशी होते यावर तिचं आयुष्य आहे. वरून सिमेंट थापून रंग मारला, की दोन पावसाळ्यांत ते पोपडे बेसिनमध्ये पडलेले दिसतात. नीट काम म्हणजे टेकू लावून भार काढून घ्यायचा, सळईच्या मागे बोट फिरेल एवढं काँक्रीट फोडायचं आणि सळई गंज जाईपर्यंत घासायची. मग कॅलिपरने मोजायची. पाचव्या हिश्शाहून जास्त झिजलेली असेल तर शेजारी नवी सळई बांधायची. त्यानंतर झिंकचा प्रायमर, मायक्रोकाँक्रीट, आणि पाणी मारून सात दिवस क्युअरिंग. यात एक छुपी गोम आहे. क्लोराइड भिनलेल्या कॉलमचा एकच तुकडा फोडून नवा भरला, तर तो तुकडा छान राहतो आणि तीनेक वर्षांत त्याच्या कडेकडेने जुनं काँक्रीट जोरात फुटायला लागतं. नव्या तुकड्यातली सळई सुरक्षित झाली की गंजाचा सगळा मारा शेजारच्या जुन्या सळईवर जातो. म्हणून क्लोराइडचा अहवाल वाईट आला, तर ठिगळं लावत बसू नका. पूर्ण उंचीचं जॅकेट करा किंवा ठिगळाच्या कडेला जस्ताचे अ‍ॅनोड (सळईऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) घाला. कोकणात नीट केलेल्या दुरुस्तीला मी स्वतः दहा-बारा वर्षं धरतो. पंचवीस वर्षांची हमी कुणी दिली, तर ती कशाच्या आधारावर ते विचारा.

आता दुसऱ्या पुरवठादाराचं 'फक्त फिल बदला'. तुमच्या टॉवरमध्ये मुळात पीव्हीसीच्या पट्ट्यांचं स्प्लॅश फिल (पाण्याचे थेंब फोडणारं) आहे आणि तो त्या जागी मधाच्या पोळ्यासारखं फिल्म फिल (पाणी पातळ थरात पसरवणारं) सुचवतोय. कागदावर हे सुरेख दिसतं, कारण तेवढ्याच जागेत पाण्याला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो. पण त्या बारीक वाटा चिखलाने आणि शेवाळाने तुंबतात. तुमच्याकडे पावसाळ्यात मेकअपचं (आटलेल्या पाण्याची भर घालणारं) पाणी गढूळ येतं आणि एखाद्या एक्स्चेंजरमधून तेलकट गळतीही अधूनमधून होते, असं तुम्हीच लिहिलंय. एका कारखान्यात हाच बदल केला तेव्हा पहिलं वर्ष पाणी दोन अंश थंड मिळालं, सगळे खूश. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी तिथला एक ब्लॉक बाहेर काढला. नवा असताना तो एका हाताने उचलता येत होता, आता दोघांनी मिळून उचलावा लागला. आतला गाळ लोण्यासारखा काळा. त्या वजनाने खालचे आधाराचे बीम वाकले होते, दोन ठिकाणी फिल खाली आलं होतं. आणि तुमचे फिलखालचे बीम २४ वर्षांचे आहेत.

माझा सल्ला: स्प्लॅश फिलच ठेवा, किंवा फारच जागा कमी पडत असेल तर उभ्या, रुंद वाटांचं न तुंबणारं फिल घ्या. पोळ्यासारखं बारीक नको. आणि साधं पीव्हीसी ५५ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. प्रोसेसमध्ये काही बिघाड होऊन टॉवरवर ६० अंशांचं पाणी येण्याची शक्यता असेल, तर ती आधीच सांगून पॉलिप्रॉपिलिनचं फिल मागवा.

फिलबरोबर नोझल आणि ड्रिफ्ट एलिमिनेटर बदलाच. नोझलचा खर्च एकूण कामात किरकोळ असतो आणि जुन्या नोझलखाली नवं फिल घालणं म्हणजे पाणीच न पोचणाऱ्या जागेवर पैसे घालणं. आजचे चांगले एलिमिनेटर उडून जाणारं पाणी ०.००२ टक्क्यांपर्यंत आणतात, तुमच्या प्रवाहावर तासाला साधारण ७० लिटर. जुने मोडके असतील तर हेच पाणी तासाला घनमीटरच्या हिशोबात जातं आणि शेजारच्या पाइपरॅकवर, ट्रान्सफॉर्मर यार्डवर क्षारांचा थर चढवतं.

फॅनच्या पात्यांबद्दल एकच इशारा. जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांऐवजी पोकळ एफआरपीची पाती घातली की वीज वाचते, हे खरं आहे आणि मी स्वतः ती सुचवतो. पण काही जण पात्याचा कोन कमी करून अँपिअर कमी झालेले दाखवतात. कोन कमी केला की हवाही कमी होते, आणि हवा कमी झाली की पाणी गरम. म्हणून करारात 'तेवढ्याच हवेला किती किलोवॉट' असं लिहून घ्या आणि आधी-नंतर दोन्ही वेळा अ‍ॅनिमोमीटरने हवा मोजा.

आता मूळ प्रश्नाकडे. पाडावा कधी? मुख्य कॉलम बऱ्याच संख्येने मध्यापर्यंत खराब निघाले, पाया खचून टॉवर एका बाजूला बसला, किंवा बेसिनच तडे जाऊन गळत असेल, तर दुरुस्तीच्या नादाला लागू नका. तसंच पुढच्या काही वर्षांत बोजा दीडपट होणार असेल तरी. पण नुसता डेक, फिल, नोझल, पाती, गिअरबॉक्स खराब असणं हे पाडायचं कारण नाही. विदर्भातल्या औष्णिक केंद्रांतले डमरूच्या आकाराचे उंच टॉवर बघा. आतलं फिल आणि नोझल बदलतात, बाहेरचं कवच तेच राहतं.

तुमच्या बाबतीत मात्र मी तिसरी वाट सुचवीन, जी दोन्ही प्रस्तावांत नाही. तुमचे कॉलम तपासणीत धड निघाले, तर आधी शेजारी एक नवा एफआरपीचा सेल बांधा. चौथा. मग जुने तीन एकेक करून बंद करा आणि दुरुस्त करा.

कारण असं. तुमचा बोजा पाचव्या हिश्शाने वाढलाय. नुसत्या दुरुस्तीने तो वाढीव बोजा भागणार नाही; फार तर तुम्ही ३३.७ पर्यंत याल. चौथा सेल आला की प्रत्येक सेलवर ९०० घनमीटर पाणी येतं, म्हणजे डिझाइनच्याही खाली. आणि दुसरी अडचण शटडाऊनची. तुमचा कारखाना वर्षातून दहा दिवस बंद असतो. एका सेलचं काँक्रीट, क्युअरिंग आणि फिल यांना किमान सहा-सात आठवडे लागतात. आज एक सेल बंद केला, तर उरलेल्या दोघांवर १,८०० घनमीटर प्रत्येकी. ते नोव्हेंबरातही झेपणार नाही. चौथा सेल हाताशी असेल तर एक बंद असतानाही तीन चालू. साखर कारखान्यांना गळीत हंगाम संपला की सगळा उन्हाळा दुरुस्तीला मिळतो. तुम्हाला ती सोय नाही, म्हणून ती अशी बांधून घ्यावी लागते.

यात सांभाळायच्या जागा अशा. नव्या सेलच्या बेसिनमधली पाण्याची पातळी जुन्याशी तंतोतंत जुळायला हवी आणि दोन्ही बेसिन मोठ्या पाइपने जोडलेली हवीत, नाहीतर एक ओसंडून वाहील आणि दुसऱ्याचा पंप हवा ओढेल. नव्या सेलची नोझलची उंची कमी असेल तर पाणी तिकडेच धावेल, तेव्हा प्रत्येक रायझरवर बॅलन्सिंगची सोय ठेवा. जुन्या सेलचे आयसोलेशन व्हॉल्व्ह पाणी पूर्ण धरतात का हे आत्ताच बघा. २४ वर्षांचे व्हॉल्व्ह सहसा धरत नाहीत, आणि वरून पाणी गळत असताना क्युअरिंग कसं होणार? दोन सेलमधली आडवी भिंतही शाबूत हवी, नाहीतर चालू फॅन बंद सेलमधून हवा ओढतो, शिवाय आत काम करणाऱ्यांवर फवारा येतो.

जागा नसेल तर ही वाट बंद. मग भाड्याचा टॉवर आणून तीन महिने काढणं किंवा एका वर्षी एकच सेल, तोही डिसेंबर-जानेवारीत उत्पादन थोडं उतरवून, हे पर्याय उरतात. ते महाग किंवा लांबणारे आहेत, पण अशक्य नाहीत.

खर्चाची तुलना करताना नव्या टॉवरच्या किमतीत जुना पाडणं, नवा पाया आणि बेसिन, पाइप, केबल आणि तेवढे दिवस बंद राहिलेलं उत्पादन धरलंय का, हे पहा. पुरवठादार यातलं बरंचसं 'आपल्याकडून' (म्हणजे ग्राहकाने करायचं) म्हणून वगळतो. दुरुस्तीच्या बाजूने काँक्रीट फोडल्यावर कामाचं प्रमाण वाढतंच. म्हणून ठोक रकमेला करार नको. चौरस मीटरचा, किलो सळईचा, लिटर मायक्रोकाँक्रीटचा असा दर ठरवा, दोघांनी मिळून मोजमाप करा आणि अंदाजावर पाव हिस्सा राखून ठेवा.

सुरक्षेबद्दल दोन गोष्टी तळमळीने सांगतो. बंद, कोरडा पडलेला टॉवर चालू टॉवरपेक्षा आगीच्या जास्त जवळ असतो. पीव्हीसी, एफआरपी आणि वर गॅसकटर! आत फिल असताना वेल्डिंग किंवा कटिंग करू देऊ नका. करावंच लागलं तर खाली सगळं ओलं ठेवा, पाण्याची लाइन भरलेली ठेवा आणि काम संपल्यावर तासभर माणूस बसवा. आणि काढलेला माल कुठे जातो त्यावर लक्ष ठेवा. जुनं पीव्हीसी कुणी उघड्यावर जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो. तुमच्या लूव्हरचे (हवेच्या तोंडावरच्या तिरप्या पट्ट्यांचे) जुने राखाडी पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असतील, तर ते न फोडता, ओले करून, अधिकृत घातक कचरा केंद्राकडेच द्या. लाकडी टॉवरवाले कुणी हे वाचत असतील तर त्यांनाही सांगतो: त्या लाकडात अनेकदा आर्सेनिक असलेलं औषध मुरवलेलं असतं. कामगार ते सरपणाला घरी नेतात, चुलीत घालतात. गेटवर थांबवा. त्यांना का थांबवलं तेही नीट सांगा.

टॉवर उघडण्याआधी पाण्यात क्लोरीनचा जादा डोस देऊन फिरवा आणि आत जाणाऱ्यांना चांगले मास्क द्या. त्या गाळात लिजिओनेला (न्यूमोनिया घडवणारा जिवाणू) असू शकतो आणि प्रेशर जेटने धुताना तोच श्वासातून आत जातो.

तुमच्या पंधरा दिवसांत एवढं होईल: पहिल्या आठवड्यात तिन्ही रायझरचा प्रवाह, तापमानं, वेट बल्ब, फॅनची फट आणि रात्रीचा पाऊस. दुसऱ्या आठवड्यात हातोडा, फवारा आणि क्लोराइडचे नमुने. क्लोराइडचा निकाल यायला वेळ लागेल, तेव्हा साहेबांपुढच्या कागदात तेवढी एक जागा मोकळी ठेवा आणि तारीख लिहा. प्रवाहाचे तीन आकडे आणि हवेच्या तोंडाशी असलेल्या कॉलमचे खडूच्या खुणांसकट फोटो मला दाखवा. चौथ्या सेलचा आकार आणि फिल कोणतं घ्यायचं, ते त्यावरून नक्की सांगता येईल.